नागपूरला राहिलेला हात

शुद्धलेखनाचं आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही खाप्याच्या शाळेत, मधेमधे मागासाठी सुताच्या कांड्या भरायला घरी राहून. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळेल असं वाटत नाही. अक्षरही वाईट. ओळ सरळ सुरू होते आणि कागदाच्या टोकाला जाईपर्यंत खाली घसरते. त्याबद्दल माफी असावी. कोणाची माफी मागते आहे ते मलाच माहीत नाही, कारण हे कागद मी पिठाच्या डब्यामागे ठेवते आणि कोणाला दाखवणार नाही. पण एकदा एक शब्द मी चुकीचा समजले आणि त्यानं मला फार धावायला लावलं. तेव्हापासून लिहिताना काय, वाचताना काय, हात मधेच थांबतो.

गोष्ट माझ्या आईच्या हाताची आहे.

खाप्याला आमचा माग होता. बाबा विणायचे, आई सूत रंगवायची. निळ्या रंगाची नांद अंगणात असे आणि आईचा उजवा हात कोपरापर्यंत त्या नांदेत. त्या रंगानं म्हणा की कशानं, तिच्या हाताला खपल्या धरल्या. आधी मनगटाजवळ, मग वर चढत गेल्या. कडुलिंबाचा पाला झाला, राख झाली, कोणी सांगितलं ते तेल झालं. हात काही बरा होईना. मग बाबांनी तिला आणि मला सावनेरपर्यंत बैलगाडीत आणि तिथून मोटारीनं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरकीचं कॉलेज तिथंच होतं. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन.

तिथलं मला एवढंच आठवतं. एक लांब खोली, खिडकीशी बाक, आणि पांढऱ्या डागांनी भरलेला झगा घातलेला एक माणूस. तो डॉक्टर नव्हता. डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवायला रोगी अवयवांच्या मेणाच्या मूर्ती करून ठेवायचं त्याचं काम होतं. तो आईला म्हणाला, "बाई, हा हात मले थोडा वेळ उसना दे. पोरायले शिकवाले पाहिजे."

आई हसली. "उसना नेलेलं लोक परत देत नाही, भाऊ."

"मी देईन. आत्ता घेतो, आत्ता देतो. फक्त हालू नको."

त्यानं तिच्या हाताला तेल लावलं आणि वरून साच्यासाठी पांढरा चिखल थापला. मी रडायला लागले. मला वाटलं, आईचा हात पुरून राहिले. आई मात्र दगडासारखी बसली. हे विशेष, कारण लहानपणी गोंदून घेताना हीच आई सुई टोचताच पळून गेली होती, आणि तिच्या हातावरचा मोर अर्धाच राहिला होता. मान, चोच, छाती, आणि मागे पिसाऱ्याच्या जागी तीन ठिपके. घरात सगळे त्या मोरावरून तिला चिडवायचे. पळालेल्या नवरीचा मोर म्हणायचे.

हात बरा झाला. पण आईनं एक बोलणं कायमचं उचललं. बाबा मागावरून ओरडायचे, पाणी आण, ते सूत सोडव, पोरीला घे. आई म्हणायची, "दोन हात आहेत का मले? एक तं नागपूरले राह्यला." मला ते खरंच वाटे. मी तिचा उजवा हात धरून तपासायची, हा तोच आहे की दवाखान्यानं दुसरा लावून दिला.

मी चौथीत असताना आई तापानं गेली. शाळा तिथंच संपली. तिचा फोटो नाही. कोण काढणार होतं फोटो. खरं लिहायचं तर तिचा चेहराही मला आता धड आठवत नाही. नाक आठवायला जाते तर मावशीचं नाक येतं. मोर मात्र आठवतो.

पुढे लग्न होऊन मी नागपुरातच आले. आमचे मालक गांधीबागेत एका ठोक कापडवाल्याकडे कामाला. दिवसभर गिऱ्हाइकापुढे थान उलगडायचं, परत घडी घालायची. घर ते दुकान रोज पायी. मुलगी झाली, खर्च वाढला, तेव्हा शेजारच्या नर्सबाईंनी मला कॉलेजात चिकटवून दिलं. मी त्यांना एकच अट सांगितली होती, जास्त बोलावं लागेल असं काम नको.

"मग तुले मुजियममध्येच लावते," त्या म्हणाल्या. "तिथं कोणीच बोलत नाही."

कॉलेजचं ते संग्रहालय. सगळे त्याला मुजियमच म्हणत. आमच्या गल्लीत मात्र ते मुर्दाघर समजत आणि माझ्या हातचं पाणी प्यायला बायका कचरत. मी कामावरून आले की आधी न्हाणीत जाऊन अंगावर पाणी घेई, मगच चुलीकडे. तिथं मुर्दे नव्हते हे मी कोणाकोणाला सांगणार. बरण्यांत काही काही होतं खरं, पण बाकी जे होतं ते राजाच्या घरीही नसेल.

सागवानी कपाटं छताला टेकलेली. भिंतीवर जुन्या साहेबांची तेलाच्या रंगातली चित्रं, सोनेरी चौकटींची. कुठल्याही कोपऱ्यात उभं राहा, ते आपल्याकडेच पाहत. मी खाली मान घालून त्यांच्या चौकटी पुसायची. तिथले शिपाईभाऊ, वयानं मोठे, मला हसायचे. "काय वं वहिनी, साहेबाले काहून घाबरते? तो काय सलाम मागून राहिला तुले?"

एका काचेखाली हस्तिदंताची बाई होती, माझ्या तळहाताएवढी, निजलेली. तिच्या पोटाला झाकण होतं, ते उचललं की आत तांदळाएवढं मूल. विद्यार्थी झाकण उघडं टाकून जात. मी रोज ते लावून तिचं पोट झाकत असे. एक जुनी पोथी होती, तिच्यात रंगवलेला उघडा माणूस, आणि त्याच्या अंगभर लाल-निळ्या शिरा, मागावर ताणा पसरावा तशा. ज्यानं काढला त्याचा एक धागाही दुसऱ्यात गुंतला नव्हता. एका मखमली पेटीत करवती, मुठी हस्तिदंताच्या. इतकी सुंदर मूठ आणि काम पाय कापायचं. मी ती पेटी पुसताना दुसरीकडे पाहत असे.

सगळ्यात मागच्या, अंधाऱ्या कपाटांत मेणाचे अवयव होते. चेहरे, पाय, पाठी, प्रत्येकावर काही ना काही रोग, लाकडाच्या फळीवर बसवलेले आणि कडेनं पांढरं कापड चिकटवलेलं. तिकडे कोणी जात नसे. मला ते बरं होतं. विद्यार्थी आले की मी तिकडेच जाऊन उभी राही.

तिथं मला तो हात सापडला.

धूळ पुसता पुसता फडक्याखालून मोराची चोच निघाली. मी फडकं थांबवलं. मग मान, छाती, तीन ठिपके. मनगटापासून वर खपल्या, जशाच्या तशा. आणि नखांच्या कडेला निळा रंग. त्या झगेवाल्या माणसानं नखांत अडकलेला निळा रंगसुद्धा रंगवला होता. फळीवर लेबलाची जागा होती, पण कागद कसरीनं कधीच खाल्लेला.

मी कपाटाचं दार लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. त्या दिवशी मी त्या कपाटापाशी किती वेळा गेले ते सांगता येणार नाही. शिपाईभाऊंनी विचारलं, "काही हरवलं का वं?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाही कळलं नाही.

कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार, आणि कोणत्या तोंडानं. पण तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कामावर असले की कपाटाकडे ओढ, घरी असले की कपाट उघडं राहिलं का याची काळजी. उन्हाळ्यात तर फारच. नागपूरचा मे महिना, मेण घामेजल्यासारखं चमकायचं. मी कपाटात पाण्यानं भरलेलं मातीचं घमेलं ठेवू लागले, खिडकीवर ओलं तरट टाकू लागले. मुजियमच्या मॅडम, म्हणजे तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई, एकदा पाहून म्हणाल्या, "बाई फार मन लावून काम करतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कोणासाठी करत होते ते मला माहीत होतं.

मग कॉलेजची नवी इमारत झाली आणि मुजियम तिकडे न्यायचं ठरलं. दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतो, त्या दिवसांतली ही गोष्ट. एके सकाळी शिपाईभाऊंनी माझ्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. प्रत्येक चिठ्ठीला भोक, भोकात सुतळी, आणि वर एकच शब्द शिक्क्यानं उठवलेला. निर्लेखित.

"मॅडमनं सांगितलं, मागच्या कपाटातलं ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही, नंबर नाही, लेबल नाही, त्याले हे बांधून टाक."

"बांधल्यावर?"

"कमिटी येईन, पाहीन."

एवढंच. मी आणखी विचारायला हवं होतं. पण एक प्रश्न विचारला हेच माझ्यासाठी पुष्कळ झालं होतं. बाकीचं मी स्वतःच लावलं. निर्जळी एकादशी म्हणजे पाणी नसलेली. निर्दोष म्हणजे दोष नसलेला. निर्लेखित म्हणजे लेख नसलेला, लिहायचं राहिलेला. गुरुजींनी शिकवलेलं मला एकदाच कामी आलं असं वाटून मी मनात खूशही झाले. ज्यांच्यावर लिहिलेलं नाही त्यांना चिठ्ठी, म्हणजे कमिटी येणार, पाहणार आणि नवीन लेबलं लिहून लावणार. दुसरं काय असणार.

आईच्या हाताला मी चिठ्ठी सगळ्यांत आधी बांधली. बाकीच्यांना साधी गाठ मारली. या हाताला मागावर तुटलेला धागा जोडतात ती गाठ मारली, बारीक आणि कधी न सुटणारी, म्हणजे नेण्या-आणण्यात चिठ्ठी पडायला नको. आणि नव्या लेबलावर काय लिहावं याचा विचार करत मी ते दिवस घालवले. स्त्रीचा उजवा हात. राहणार खापा. कमिटीतल्या कोणाला जाऊन सांगावं का? पण तेवढं बोलणं माझ्यानं होणार नव्हतं.

कमिटी आली, मी कपाटामागे होते. त्यांनी पाहिलं आणि ते गेले.

पुढच्या आठवड्यात मी कामावर गेले तर फाटकात हातठेले उभे. हमाल जुनी कपाटं उतरवून राहिले होते. मागच्या खोलीत भिंतीवर कपाटांचे चौकोन उमटलेले, बाकी काही नाही. मला वाटलं, नव्या इमारतीत नेलं.

"नव्या इमारतीत कायले?" शिपाईभाऊ म्हणाले. "लिलाव झाला ना. सदर बाजारातल्या फर्निचरवाल्यानं घेतलं सगळं. त्याले कपाटं पाहिजे होती, बाकीचं वरून फुकट."

"आणि चिठ्ठीवालं?"

"तेच तं सांगून राहिलो. निर्लेखित म्हणजे खारीज. नावानिशी पुसलं. तूच तं बांधल्या ना वं चिठ्ठ्या!"

 माझा चेहरा पाहून भाऊ पाणी आणायला गेले, पण मी थांबले नाही. मॅडमच्या खोलीत मी कधीच पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी दार ढकलून आत गेले.

"काय झालं बाई?"

"हात," मी म्हटलं.

"दुखतो आहे का? दाखवा बघू."

"माझा नाही. आईचा."

"आईंना घेऊन आलात का? कुठे आहेत?"

आता हसू येतं, पण तेव्हा माझ्या तोंडून शब्द उलटेसुलटे पडत होते. मोर, नांद, चिठ्ठी, खापा. मॅडमनी चश्मा काढून ठेवला आणि मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. सगळं कळल्यावर त्यांनी चश्मा परत घातला. मग म्हणाल्या, "बाई, एकदा निर्लेखन झालं की वस्तू कॉलेजची राहत नाही. आता ते माझ्या हातात नाही हो." बाई वाईट नव्हत्या. एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती नसती सांगितली तर मी घरीच गेले असते. "सदरला लगेच जा. मेण आहे, तो वितळवायला देईल."

सदरपर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही, रस्ता पायाखालून गेला एवढंच. मोठ्या दुकानांच्या मागे टिनाच्या छपराचं त्याचं गोदाम होतं. ऊन असं की टिन वाजत होतं. एका टोपल्यात मेणाचे पाय, चेहरे, पाठी एकावर एक टाकलेले. फळ्या वेगळ्या काढून रचलेल्या. मी त्या टोपल्यात दोन्ही हात घातले. तो फर्निचरवाला धावत आला.

"ए बाई, क्या कर रही?"

"हा. हा माझा आहे."

हात खालीच होता. चिठ्ठी माझ्या गाठीसकट मनगटाला लटकत होती. करंगळी उन्हानं मऊ होऊन आत वळली होती, बाकी सगळं शाबूत. मोर शाबूत.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि माझं तोंड वाचलं. दुकानदार होता तो. "हा मोमबत्तीवाल्याचा माल आहे. तो आज येणार. पण तुले पाहिजे असल तं घे. विलायती काम आहे, असं आता होत नाही." आणि त्यानं अशी किंमत सांगितली की मला आधी वाटलं, मी ऐकण्यात चुकले.

"एवढे नाहीत माझ्याजवळ."

"मग टोकरीत ठेव."

मी ठेवला नाही. छातीशी धरून उभी राहिले. तिथं गिऱ्हाईक होते, हमाल होते, सगळे पाहत होते, आणि मी, जी गल्लीतल्या नळावर बायकांपुढे बोलत नाही, ती मोठ्यानं म्हणाले, "उद्यापर्यंत सावलीत ठेवा. मी पैसे आणते. उद्यापर्यंत." गळ्यातली पोत काढून त्याच्या गल्ल्यावर ठेवली. त्यानं ती परत माझ्याकडे सरकवली. "पोत राहू दे बाई. उद्या बारापर्यंत ठेवतो. त्याच्यानंतर आपली जबाबदारी नाही."

घरी आमचे मालक जेवून राहिले होते. त्यांचे पैसे एका डब्यात जमत होते, सायकलसाठी. लग्नापासून ते सायकलचंच बोलत. कोणत्या कंपनीची, घंटी कशी, मागे कॅरियर असलं तर तुला आणि पोरीला बसवून अंबाझरीच्या तलावावर नेता येईल. त्या डब्याला मी कधी हात लावला नव्हता. त्यांचं ताट संपायची वाट न पाहता मी सगळं सांगून टाकलं.

त्यांचा घास हातातच राहिला. "तुझ्या मायले तं जाळलं ना वं? हातासकट?"

"हा दुसरा."

"किती हात होते तुझ्या मायले?"

"एक नागपूरले राह्यला म्हणत होती. तो."

ते हसले नाहीत. पाणी प्यायले. "मेणाचा हात. त्याचं करशीन काय तू?"

"काही नाही. वितळला नाही पाहिजे."

"हं." त्यांनी हात धुतला. मग उठून डबा काढला. मी म्हटलं, "उसने द्या. फेडीन मी."

"नवऱ्याबायकोत कायची उधारी?"

"उसनेच द्या. नाहीतर नको."

दुसऱ्या दिवशी दुकानातून सुट्टी काढून ते माझ्याबरोबर आले. गांधीबागेतला माणूस, भाव करायला लागले. करंगळी वाकडी आहे, माल डागी आहे, लेबलसुद्धा नाही. तो सदरवाला म्हणाला, "डावा पण पाहिजे का सेठ? जोडीत सस्ता पडीन." थोडं कमी झालं, फार नाही. डबा रिकामा झाला. परत येताना हात मी पदरात गुंडाळून घेतला होता आणि मालक पुढे पुढे चालत होते, पायी.

घरात आला खरा, पण ठेवायचा कुठे? देवाजवळ ठेवणं बरोबर नाही, जमिनीवर बरोबर नाही. गल्लीत कळलं तर बायका नळावरच्या माझ्या घागरीलाही शिवायच्या नाहीत. शेवटी पाण्याच्या रांजणामागे, जिथं घरात सगळ्यांत गार असतं, तिथं ओल्या फडक्यात ठेवला. मुलगी पाणी घ्यायला गेली की त्याच्याशी हात मिळवून यायची. "आजी, पाणी घेऊ का?"

आणि मालक! रोज दुकानातून धुळीनं भरलेले पाय घेऊन यायचे, रांजणाकडे पाहून म्हणायचे, "काय वं, माझी सायकल कशी आहे?" उन्हाळा आला की, "सायकलले ऊन लागून राहिलं, फडकं भिजव." पावसात भिजून आले की, "आज सायकलनंच येणार होतो, पण तिले निजू दिलं." रागावून नाही, चिडवून. पण मला ते लागायचं. त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. रात्री मी तेल लावून द्यायची तेव्हा हात रांजणामागून माझ्याकडे पाहतो असं वाटायचं, भिंतीवरचे साहेब पाहायचे तसा.

हात मिळाला तरी माझी तगमग कमी झाली नाही, हे मला सांगायचं आहे. वाटलं होतं, आता निवांत होईन. झाले नाही. तो अजून माझा नव्हता. दाराची कडी वाजली की मला वाटे, कॉलेजातून कोणी मागायला आलं, नाहीतर सदरवाला, नाहीतर मालकच म्हणतील, पुरे झालं, विकून टाक. ते कधी म्हणाले नाहीत. माझंच मन धावत होतं.

मग मी कांड्या भरायला घेतल्या. आमच्या मागच्या गल्लीत माग होते, त्यांना कांड्या भरून पाहिजे असत. कामावरून आले, स्वयंपाक झाला की चरखा. आई हेच करायची. जेवढे पैसे येत तेवढे मी मालकांच्या डब्यात टाकत असे. कधी मुलीचं दप्तर आलं, कधी सासऱ्यांचं आजारपण, तर उलट काढावे लागत. डबा भरत यायचा आणि खाली जायचा. मुलगी परकरातून साडीत आली तरी तो भरला नव्हता.

मधे एकदा नव्या मुजियममध्ये मॅडमनी विचारलं होतं. हस्तिदंताच्या बाईचं झाकण मी लावत होते. "बाई, तो हात मिळाला का हो तेव्हा?" मी मान हलवली, या वेळी नीट, हो अशी. त्या म्हणाल्या, "बरं झालं. फार घाई केली आम्ही. काही चांगल्या वस्तू उगाच गेल्या."  मला वाटलं, परत मागतात की काय.  पण त्या आपल्या खोलीकडे निघून गेल्या.

ज्या दिवशी मी घेतलेले पैसे डब्यात पुरे झाले, त्या दिवशी मी डबा मालकांना दिला नाही. दुपारी सायकलच्या दुकानात गेले. आत जाण्याआधी दुकानावरून दोनदा पुढे निघून गेले, तिसऱ्यांदा शिरले. भाव विचारला. ज्या सायकलसाठी त्यांनी डबा भरला होता ती आता कितीतरी महाग झाली होती. मी घरी आले आणि पुन्हा चरख्याला बसले. मी त्यांचे पैसे घेतले नव्हते, सायकल घेतली होती.

आणखी एक उन्हाळा गेला. मग एके संध्याकाळी ते पाय धुऊन बसले तेव्हा मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उघडून पाहिला.

"हे तं जास्त आहे. एवढे नव्हते दिले मी."

"सायकलचे आहेत. आजच्या भावानं. दुकानात विचारून आली मी."

"तू? दुकानात? एकटी?" त्यांना पैशापेक्षा त्याचंच नवल वाटलं. मग डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "आता मी रांजणाकडे पाहून काय म्हणू वं?"

"सासूबाई म्हणा."

ते असे हसले की मुलगी चुलीवरची भाकर सोडून पाहायला आली.

मी उठून रांजणामागून हात आणला आणि फडकं सोडलं. चिठ्ठी अजून मनगटाला होती. गाठ सुटण्यासारखी नव्हतीच, मी सोडवलीही नाही. शब्दाची बाजू खाली केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मुलीच्या पेनानं लिहिलं, माझ्या आईचा हात, राहणार खापा. जागा उरली होती. तिथं लिहिलं, पैसे पूर्ण फिटले. पूर्णचा उकार पहिला की दुसरा, म्हणून पेन थांबलं. मी दुसरा काढला.